सोन्याच्या उंबरठ्याबाहेरची मुलगी

विषय : समुद्रातून नदीमुखाशी येणारी वामांची पिल्ले, व त्यांच्यासोबत असलेली एक मुलगी, यांस राज्यात येऊ देण्याबाबत.

संदर्भ : पवळा, धंदा काथ्या वळणे, राहणार नदीमुख, हिने मुलीच्या वतीने केलेला अर्ज.

उपरोक्त विषयाची हकीकत पुढीलप्रमाणे आहे.

एका राज्यात, जे चहूबाजूंनी समुद्राने वेढलेले असल्यामुळे आपल्यापलीकडे जगच नाही अशा समजुतीत सुखी होते, मणिकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राज्य म्हणजे एक बेट, बेटाच्या मधोमध एक डोंगर, आणि त्या डोंगरावरून पायऱ्या उतराव्या तशी लहानमोठ्या धबधब्यांनी खाली येणारी सावरी नावाची नदी. नदीच्या दोन्ही काठांनी घरे होती. प्रत्येक घराला विहीर होती आणि प्रत्येक विहिरीत एक वाम होती.

वाम म्हणजे सापासारखी लांब, बुळबुळीत मासळी. ती विहिरीतले किडे खाई, पाणी हलते ठेवी, आणि पाणी गोड राही. घरात नवी सून आली की तिला आधी देव दाखवीत, मग चूल, मग विहिरीतली वाम.

मात्र वाम विहिरीत जन्मत नाही. ती जन्मते दूर समुद्रात, जिथे पाण्याला तळ लागत नाही. पावसाळा ओसरू लागला आणि सावरीचे गढूळ पाणी समुद्रात लांबवर पोचले, की त्या पाण्याचा वास घेत वामांची पिल्ले नदीमुखाशी येत. बोटाएवढी, काचेसारखी आरपार. आत काळजाचा लाल ठिपका तेवढा दिसे. त्यांना धबधबे चढता यावेत म्हणून प्रत्येक घर आपल्या वाट्याचा काथ्याचा दोर खडकावरून खाली सोडी. ओल्या काथ्याला बिलगून पिल्ले वर चढत आणि आपापली विहीर धरत. मग वर्षामागून वर्षे जात. एका पावसाळ्यात विहिरीतल्या वामेचे पोट चांदीसारखे होई, डोळे मोठे होत, आणि ती ओल्या गवतावरून सरपटत नदीला लागे. घरची माणसे दारात उभी राहून म्हणत, "येते म्हण." कारण त्या राज्यात घरातून निघणारा कोणीही, पाहुणा असो की मासळी, येतो म्हटल्यावाचून निघत नसे. वाम स्वतः परत येत नसे. तिची पिल्ले येत. शब्द पाळल्यासारखाच होता.

तर राजा मणिकेतूला एकदा स्वप्न पडले, की शत्रूची जहाजे नदीतून वर येत आहेत. शत्रू कोण हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण आपल्या राजाला शत्रू नसावा हे दरबाराला कमीपणाचे वाटे, म्हणून स्वप्न खरे धरण्यात आले. समुद्रातल्या काळ्या खडकावर धूम्रकेश नावाचा मांत्रिक राहत होता. त्याला बोलावणे गेले.

मांत्रिक म्हणाला, "नदीच्या मुखावर सोन्याचा उंबरठा घालून देतो. तुझ्या परवानगीवाचून काहीही आत येणार नाही."

"मोबदला काय?"

"तुझ्या राज्यात न विचारता जे येईल, ते माझे."

राजाने मनात विचार केला. न विचारता येतात ते चोर, माश्या आणि मेहुणे. तो हसून म्हणाला, "दिले."

दुसऱ्या दिवशी नदीच्या मुखावर या काठापासून त्या काठापर्यंत सोन्याचा उंबरठा उभा होता, माणसापेक्षा उंच आणि आरशासारखा गुळगुळीत. नदीचे पाणी त्यावरून खाली पडत होते. लोक बघायला गेले आणि आपापली तोंडे त्यात बघून परत आले.

त्या हंगामी पिल्ले आली आणि उंबरठ्यापाशी अडली. त्यांनी कोणाला विचारलेले नव्हते. पुढच्या हंगामीही अडली. विहिरींतल्या जुन्या वामा एकेक करून चांदीच्या होऊन निघून गेल्या, नव्या आल्या नाहीत, आणि विहिरींचे पाणी कडू झाले. लोक पाण्यात गूळ घालून पिऊ लागले. गूळ संपला तेव्हा राजवैद्यांनी कळवले की कडू पाणी पित्तावर उत्तम असते.

एवढ्यावर भागते तर ही हकीकत लिहिण्याचे कारण नव्हते. पण उंबरठा बसल्यानंतर राज्यात जे पहिले मूल जन्मले, ते सुईणीच्या हातात बारीक होत गेले, बोटाएवढे झाले, काचेसारखे झाले, आणि तिच्या बोटांमधून निसटून मोरीच्या वाटेने नदीला आणि नदीतून समुद्राला लागले. दुसऱ्याचेही तसेच झाले. मूल कोणाला विचारून येत नाही, हे राजाच्या ध्यानात आले नव्हते. त्याला मूल नव्हते.

आया राजवाड्यासमोर बसून रडू लागल्या तेव्हा राज्याचे चिटणीस विश्वंभर यांनी तोड काढली. ते म्हणाले, "मूल न विचारता येते हीच अडचण असेल, तर त्याने विचारून यावे." मुलाच्या वतीने आईने जन्माआधी अर्ज करावा, अर्ज मंजूर झाला की मूल परवानगीने आलेले समजावे. या सूचनेबद्दल चिटणिसांना शालजोडी मिळाली. काही अर्ज मंजूर झाले. ती मुले जन्मली आणि इतर कुठल्याही राज्यातल्या मुलांसारखी रडली. ती बहुतेक राजवाड्याजवळच्या घरांतली होती. लांबच्या घरांतले बरेच अर्ज नामंजूर झाले, आणि पुष्कळ बायकांनी अर्ज केलेच नाहीत.

पवळेने केला. ती नदीमुखाशी राहून काथ्या वळत असे. तिचा नवरा होडी घेऊन येतो म्हणून गेला होता, आणि समुद्राने त्याचे म्हणणे ऐकून घेतले नव्हते. त्यामुळे तिचे म्हणण्यासारखे पोटातले मूल तेवढेच यायचे राहिले होते. पोट दिसू लागण्याआधीच ती चिटणिसांपुढे उभी राहिली.

चिटणिसांनी अर्ज वाचला. ते सभ्य गृहस्थ होते, कोणावर आवाज चढवीत नसत. म्हणाले, "बाई, येण्याचे कारण या ठिकाणी आपण 'मला कोणी नाही' असे लिहविले आहे."

"खरेच नाही कोणी, चिटणीससाहेब."

"ते आपले कारण झाले. अर्जदाराचे काय?"

"अर्जदार पोटात आहे."

"म्हणूनच विचारावे लागते. त्याला इथे यावेसे का वाटते, हे स्पष्ट होत नाही."

पवळेने थोडा विचार केला. मग म्हणाली, "इथले पाणी पाहता मलाही ते सांगता येणार नाही."

चिटणिसांनी हे उत्तर दुसऱ्या कागदावर उतरवून घेतले आणि अर्ज पुढील विचारासाठी ठेवला. तो विचारात असतानाच पवळेला दिवस भरण्याआधी कळा आल्या. मुलगी झाली. सुईण म्हणाली, "मुलगी गं, पवळा," आणि पुढे काही म्हणाली नाही, कारण तिच्या हातात काही उरले नव्हते. पवळेने मान उचलून पाहिले तेव्हा तिला मोरीकडे जाणारा लाल ठिपका तेवढा दिसला.

पावसाळा ओसरला तशी पवळा नदीमुखाशी जाऊन उभी राहिली. ओहोटीची वेळ होती, दिवस कलला होता. सोन्याच्या उंबरठ्याच्या पायथ्याशी पिल्लांचा खच पडला होता. वर चढत, घसरत, पुन्हा चढत. एक राखी बगळा एका पायावर उभा राहून त्यांतली वेचीत होता.

पवळा म्हणाली, "बगळेबुवा, यांत माझी मुलगी आहे."

"असेल," बगळा म्हणाला आणि त्याने एक पिल्लू गिळले.

"ही ती नसेल ना?"

"चवीवरून कळत नाही. सगळी सारखीच लागतात. किंचित खारट."

पवळेने वाकून दगड उचलला.

"दगड मारलास तर मी उडून जाईन," बगळा म्हणाला. "मग मांत्रिकाच्या खडकाची वाट तुला कोण दाखवणार?"

दगड हातातच राहिला. "वाट दाखवून तुम्हाला काय मिळणार?"

"मिळण्याचाच तर कंटाळा आला आहे. पूर्वी मासा धरायला अक्कल लागायची. हा उंबरठा झाल्यापासून नुसती चोच उघडी ठेवली तरी चालते. माझी पोरे उडायला शिकत नाहीत."

ओहोटीने पाण्यातली खडकांची ओळ उघडी पडली होती. बगळा पुढे पुढे उडून बसत गेला, पवळा मागोमाग चालत गेली, आणि भरती लागण्याआधी काळ्या खडकावर पोचली.

धूम्रकेश मांत्रिक दाढी विंचरीत बसला होता. त्याच्या दाढीतून धूर निघत होता.

"कशाला आलीस?"

"मुलगी न्यायला."

"मी वचनाबाहेर एक पाऊल टाकलेले नाही," मांत्रिक म्हणाला. "राजाने दिले तेवढेच घेतले. त्यामुळेच लोक मला दुष्ट म्हणतात."

"मी काही म्हटले नाही."

मांत्रिकाने फणी खाली ठेवली. बऱ्याच वर्षांत त्याच्याशी कोणी इतके सभ्य बोलले नव्हते. तो म्हणाला, "तीन गोष्टी आण. या राज्याच्या विहिरीतले गोड पाणी. एक दोर, ज्यात काठावरच्या प्रत्येक घराने आपण होऊन दिलेला काथ्या असेल. आणि राजाच्या तोंडचा एक शब्द. त्याने उंबरठ्यावर उभे राहून 'या' म्हणावे. या तीन गोष्टी झाल्या तर जे माझे आहे ते मी सोडीन."

"सगळे?"

"जे माझे आहे ते सगळे."

"तुम्हाला या गोष्टींचा उपयोग काय?"

"काही नाही. मिळतात का, ते बघायचे आहे."

पवळेने नमस्कार केला आणि सवयीने म्हणाली, "येते." मांत्रिकाने मान वर करून पाहिले. त्याच्या खडकावरून जाताना तसे कोणी म्हटले नव्हते.

पहिली गोष्ट पाणी. सगळ्या राज्यात गोड पाण्याची विहीर एकच उरली होती, ती राजवाड्यात. तिच्यातली वाम केव्हाच चांदीची झाली होती, पण ती निघून जाऊ नये म्हणून विहिरीच्या तोंडाला रुपेरी जाळी बसवली होती आणि दोराला पहारेकरी नेमला होता. त्यामुळे कडू पाण्याची तक्रार दरबारात कोणी वाचून दाखवली, की राजा आपल्या पेल्यातला घोट घेई आणि म्हणे, "आम्हाला तर लागत नाही."

त्या विहिरीचा दोर झिजला होता. राजवाड्यात दोर वळणारे कोणी नव्हते. दोर वळणाऱ्यांवर देखरेख करणारे होते. पवळेला बोलावणे आले. जाळीच्या मधोमध बादली जाण्यापुरते भोक होते. ती काठावर बसून जुना दोर ओढून घेऊ लागली तशी खालून आवाज आला.

"बाई, तुझ्या हाताला समुद्राचा वास येतो."

"नदीमुखाशी राहते मी."

"मला जायचे आहे," विहिरीतली वाम म्हणाली. "माझे डोळे मोठे झाले. अंधारात या दगडांकडे किती बघू?"

पवळेने पहारेकऱ्याकडे पाहिले. तो जुन्या दोराकडे बघत होता, कारण त्याच दोरावर लक्ष ठेवण्याचा हुकूम होता. पाण्यावर लक्ष ठेवणारा दुसरा होता आणि तो जेवायला गेला होता. पवळेने जुना दोर काढला आणि नवा दोर सोडला. नव्या दोराचे टोक तिने भोकातून वर घेऊन पन्हाळीत टाकले, जिथून सांडपाणी बागेतून नदीकडे जात असे. ओल्या काथ्याला बिलगून वाम वर आली. तिचे पोट उन्हात चकाकले.

पवळा हळूच म्हणाली, "येते म्हण."

"येते हं, बाई," वाम म्हणाली आणि पन्हाळीतून निघून गेली.

"कोणाशी बोलतेस?" पहारेकऱ्याने विचारले.

"दोराशी. नवा आहे, समजूत घालावी लागते."

मजुरी म्हणून तिला जुना दोर मिळाला. घरी येऊन तिने तो पिळला. वर्षानुवर्षे भिजलेल्या काथ्यातून लोटीभर गोड पाणी निघाले. पवळेने त्यातले एक बोटही जिभेला लावले नाही, आणि लोटीच्या तोंडाला फडके बांधून ती कोनाड्यात ठेवली.

दुसरी गोष्ट दोर. पवळा काठाकाठाने घरोघर फिरू लागली. विहिरी कडू झाल्यापासून दोर सोडण्याची रीत मोडली होती आणि लोक एकमेकांच्या दारात फारसे थांबत नव्हते.

एका घरी म्हातारा म्हणाला, "काथ्या देतो, पण शेजारच्यांनी किती दिला?" शेजारचे म्हणाले, "म्हाताऱ्याने दिला असेल तर आमचाही घे, त्याच्याहून बोटभर जास्त." एका घरच्या बाईने दार लोटता लोटता म्हटले, "तुझे बरे आहे बाई, तुझा अर्ज तरी विचारात आहे. आमचा नामंजूर होऊन आला. आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचे?" पवळा दारातच उभी राहिली. दार पुन्हा उघडले आणि मूठभर काथ्या बाहेर आला. राजवाड्याजवळच्या एका घराने सोन्याची तार देऊ केली. दोन मुले खेळत होती त्या अंगणात, मंजुरी मिळून आलेली. पवळा म्हणाली, "तारेवरून पिल्लू घसरते, वहिनी. काथ्याच द्या." त्यांच्या घरात काथ्या नव्हता. त्यांनी पायपुसण्यातला काढून दिला.

शेवटचे घर पवळेच्या शेजारच्या कोंडाबाईचे. तिची दोन मुले एकामागून एक मोरीच्या वाटेने गेली होती. तिने अर्ज केलाच नव्हता.

"का नाही केलास गं?" पवळेने विचारले.

"मुकाट्याने गेले तर निदान तो मांत्रिकच वाईट म्हणता येतो," कोंडाबाई म्हणाली. "अर्ज करायचा, पोट घेऊन तिथे उभे राहायचे, आणि मग राजाही वाईट निघायचा. मला एवढे सगळे नकोच." ती आत गेली आणि पाळण्याची दोरी घेऊन बाहेर आली. "ही घे. कधी ताण पडलेला नाही हिच्यावर. मजबूत आहे."

तो सगळा काथ्या पवळेने एकत्र वळला. दोर मनगटाएवढा जाड झाला, कुठे काळा, कुठे तांबूस, पायपुसण्याच्या जागी जरा मळकट.

तिसरी गोष्ट राजाचा शब्द. ती सर्वांत अवघड, असे पवळेला वाटत होते. पण तिचा निम्मा मार्ग विहिरीतून निघून गेलेल्या वामेने मोकळा केला होता. राजवाड्याचे पाणी कडू झाले. राजाने सकाळी पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला. राजवैद्यांनी पित्ताचा दाखला दिला तेव्हा राजाने पेला त्यांच्यापुढे सरकवला. ते प्याले, आणि पुढे त्यांनी दाखला दिला नाही. कडू पाणी ही राज्याची अडचण आहे असे त्या दिवशी प्रथमच ठरले.

अडचणीची चौकशी करताना नवा दोर वळणारीला पकडून आणण्यात आले. पवळेने सगळे सांगितले, मांत्रिकाची अटही सांगितली.

"एक शब्द?" राजाने विचारले.

"एकच, महाराज. या."

"कोणाला म्हणायचे?"

"पिल्लांना. आणि मुलांना."

"त्यांचा दर्जा काय?" राजा चिटणिसांकडे वळून म्हणाला. "आम्ही या म्हणतो ते निदान मांडलिकांना."

यावर दरबारात बराच खल झाला. 'या' म्हणावे की 'येण्यास हरकत नाही' म्हणावे, की नुसती मान हलवावी. पेल्यातले पाणी सगळ्यांना पाजण्यात आले तेव्हा 'या'वर एकमत झाले. चिटणीस विश्वंभर मसुदा करायला बसले.

भरतीच्या वेळी, भर दुपारी, राजा मणिकेतू पालखीतून नदीमुखाशी आला आणि सोन्याच्या उंबरठ्यावर उभा राहिला. दोन्ही काठांवर लोक जमले होते. बायका पुढे होत्या. पवळेने लोटीतले गोड पाणी उंबरठ्यावर ओतले आणि दोर समुद्राच्या बाजूला सोडला. खाली पाणी पिल्लांनी चमचमत होते. बगळा दूर एका खडकावर उभा होता आणि चोच मिटून होता.

चोपदाराने मसुदा वाचला. "ज्यांचा अर्ज नामंजूर झाला, किंवा ज्यांनी अर्ज केलाच नाही, अशा सर्वांना महाराज आज कृपावंत होऊन बोलावीत आहेत. विचाराधीन अर्जांना हे लागू नाही. त्यांचा विचार चालू असता मध्ये बोलणे हे महाराजांच्या विचाराचा उपमर्द होईल."

पवळेच्या हातात दोर होता. दोराला खालून पहिला हिसका बसला होता, इतका हलका की तो हिसका आहे की आपलीच नाडी हे कळू नये. तिने चोपदाराचे शब्द ऐकले, पण ऐकले एवढेच.

"या," राजा म्हणाला.

सोन्याचा उंबरठा पाण्यात विरावा तसा उतरत गेला आणि खालचा नदीमुखाचा जुना खडक उघडा पडला. पिल्ले दोराला बिलगली. काचेची एक जिवंत वेल वर चढू लागली. वामांची पिल्ले होती ती खडकावरून नदीत उतरून वर निघाली. मुले होती ती खडकावर आली, नदीचे पाणी त्यांच्या अंगाला लागले, आणि ती जशी गेली होती तशी झाली, नाळेसकट, लाल, ओली, रडणारी. आया धावल्या. कोणाचे कोणते हे शोधायला वेळ लागला नाही. कोंडाबाई दोन हातांत दोन घेऊन खडकावर बसली आणि पाळण्याची दोरी परत मागायला हवी, असे काहीतरी बडबडत राहिली.

दोर हलका झाला. शेवटचे मूल उचलले गेले. पवळा दोर धरून उभीच होती.

मांत्रिक धूम्रकेश पाण्यावरून चालत आला. त्याच्या दाढीतून आता धूर निघत नव्हता.

"माझे होते ते सगळे सोडले," तो म्हणाला.

"माझी मुलगी?"

"ती माझी नव्हतीच. माझ्या वाट्याला न विचारता येणारे होते. तिने विचारले होते, आणि तिला अजून कोणी नाही म्हटलेले नाही. जाळ्यात सापडली, पण मोजताना बाजूला ठेवावी लागली."

"मग ती कोणाकडे आहे?"

मांत्रिकाने राजाच्या पालखीकडे बोट दाखवले. पालखीशेजारी चिटणीस विश्वंभर मसुदा वाळवीत उभे होते. मग मांत्रिक म्हणाला, "येतो," हा शब्द पहिल्यांदाच जिभेवर घेतल्यासारखा, आणि निघून गेला. तो पुन्हा आला नाही.

पवळेने खाली वाकून पाहिले. नदीमुखाच्या खडकाच्या पायथ्याशी डोहात एकच पिल्लू राहिले होते. दोराला तोंड लावी आणि मागे सरे. नदीचे पाणी त्याच्या अंगावर पडत होते आणि त्याचे काही होत नव्हते. आत लाल ठिपका हलत होता. इतक्या दिवसांत हजारोंतून तिला आपली ओळखता आली नव्हती. आता ओळखायला काही कठीण राहिले नव्हते.

ती चिटणिसांकडे गेली.

"मी अर्ज मागे घेते."

चिटणिसांना तिच्याविषयी खरोखर वाईट वाटत होते. ते म्हणाले, "बाई, अर्जदार आपली मुलगी आहे. आपण नुसत्या सादर करणाऱ्या. मागे घ्यायचा तर तिने स्वतः समक्ष आले पाहिजे."

"तिला येता येत नाही. अर्ज मंजूर नाही म्हणून."

"हाच तर मुद्दा आहे," चिटणीस म्हणाले. बाईला प्रकरण समजले याचे त्यांना बरे वाटले.

"मग महाराजांना पुन्हा एकदा या म्हणायला सांगा. तिच्या एकटीसाठी."

"तसा अर्ज करता येईल," चिटणीस म्हणाले. "पण एका विषयावर दोन अर्ज झाले की दोन्ही थांबतात."

राज्यात सर्व सुरळीत झाले. विहिरींत वामा आल्या, पाणी गोड झाले, राजवाड्याच्या विहिरीला जाळीऐवजी कठडा बसवला. अर्जाची पद्धत बंद झाली; मुले पुन्हा न विचारता येऊ लागली. उंबरठा उतरल्याच्या आठवणीसाठी दर हंगामी दोर सोडण्याचा उत्सव होतो, त्यात पवळेला पहिला मान आणि नारळ मिळतो. राजवाड्याजवळच्या घरांतली मंडळी आता उत्सवापुरता काथ्या घरात ठेवतात.

डोहातले पिल्लू वाढते आहे. आरपार होते ते आधी मातकट झाले, मग हिरवट. ते वर जात नाही आणि समुद्राकडेही जात नाही. पवळा दिवस मावळण्याआधी डोहाशी येऊन बसते, पाण्यात हात धरते, आणि वाम हाताभोवती वेटोळे घालून राहते. एकदा तिने बगळ्याला विचारले, "बगळेबुवा, तुम्ही हिला कधी काही करत नाही ते?"

"विचाराधीन आहे ना," बगळा म्हणाला. "असल्या प्रकरणात मी चोच घालत नाही."

या पावसाळ्यात वामेच्या पोटाचा रंग थोडा उजळला आहे. डोळेही मोठे वाटतात, पण पवळा म्हणते ते पाण्यामुळे असेल. तरी ती जाताना रोज डोहाकडे वळून म्हणते, "येते म्हण." आधी ती स्वतःसाठी "येते" म्हणत असे. कधी बदलले ते तिच्याही लक्षात नाही.

चिटणीस विश्वंभर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या चिटणिसांनी अर्ज वाचला असून, येण्याचे कारण या ठिकाणी अधिक खुलासा मागवला आहे. पवळेने खुलासा दिला आहे.

अर्ज विचाराधीन आहे.